उचंत

माझगावच्या महापालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
साडेसहाला एकाच खोलीत दोन वर्ग भरतात.
मधे प्लायवुडचं पार्टिशन.
इकडे हिशेबनीस, तिकडे फौजदारी न्याय,
फी सारखीच, सर्टिफिकेटवर शिक्काही एकाच जांभळ्या शाईचा.
मी इकडची.
दिवसभर भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या मोजते,
त्यामुळे बोटं बधिर, पेन्सिल निसटते.

कापडिया सर खडूने उभी रेघ ओढतात:
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
पलीकडून लोबो मॅडमचा आवाज येतो,
'आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. लिहा.'
मी चुकून तेही लिहिते.
माझ्या वहीत कीर्दीखाली पंचनामा आहे,
आणि घसाऱ्याच्या गणितात जामिनाचं कलम.

घसारा मला लवकर कळला.
वस्तू वापरा नाहीतर नुसती ठेवा, सर म्हणाले,
दर वर्षी तिची किंमत उतरते.
हरेश्वरला दोन वर्षं चार महिने आर्थर रोडला नुसता ठेवलाय.
पुढचा एक दात गेला.
कच्चा कैदी म्हणतात त्याला.
जामीन मंजूर आहे, जामीनदार नाही.
पतपेढीत रोखपाल होता माझा भाऊ,
पेटीत अठरा हजार कमी भरले,
आणि किल्ली त्याच्या कडदोऱ्याला.

गेल्या गुरुवारी तेरीज.
दोन्ही बाजू कुणाच्याच जुळेनात.
सर म्हणाले, घाबरू नका, फरकाला नवाने भागा.
बाकी उरली नाही तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत.
तुमच्यात काय, आमच्या गुजरातीत काय,
तोंड आधी सहा म्हणतं, मग चाळीस,
घाईत हात तोंडाचं ऐकतो,
सेहेचाळीसचे चौसष्ट होतात.

अठरा हजार भागिले नऊ.
दोन हजार. बाकी शून्य.
तीनदा केलं. मग शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर केलं.

पार्टिशनला दार नाही. व्हरांड्यातून वळसा घालून
मी न्यायाच्या वर्गात गेले, चपला हातात घेऊन, का ते माहीत नाही.
पहिल्या बाकावर ढोणे हवालदार,
बढतीच्या परीक्षेला बसलेले, बूट काढून.
मॅडमनी आरोपपत्राची झेरॉक्स चष्म्याजवळ धरली.
'चोरीलाही नवाने भाग जातो, बाई,' म्हणाल्या.
वर्ग हसला नाही.
मग त्याच म्हणाल्या,
'पण भरण्याची मूळ पावती कुणी मागितली होती का?'
ढोणे बाकाखाली बूट चाचपत होते.
'मुद्देमालात असेल. ट्रंकेत. उंदीर आहेत तिथे,'
ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मुलाखतीला जाळीपलीकडून हरेश्वरने विचारलं,
काय शिकवतात गं?
म्हटलं, उचंत खातं.
ज्या रकमेचं काय करायचं ते ठरत नाही
ती तिथे ठेवायची.
'किती दिवस?'
हे सरांना विचारायचं राहिलं.
पावतीचं त्याला सांगितलं नाही.
आणि एक प्रश्न, जो मी त्याला कधीच विचारला नाही,
आईने मरताना जो माझ्याकडे नुसता बघून विचारला,
तोही त्याच खात्यात आहे.
पावतीवर सेहेचाळीस निघाले तर तो खोडता येईल.
चौसष्ट निघाले तर?
शिपाई म्हणाला, वेळ झाली.

तेरा तारखेला कोर्ट.
बर्फवाल्याने अर्धा दिवस दिलाय, पगार कापून.
ती नोंद मी आत्ताच केली, नावे बाजूला, शाईने.
समोरचा रकाना रिकामा सोडलाय.
तिथे पेन्सिलच बरी.