चार मायक्रॉनचं कापड

बाहेर धंतोलीत पंचेचाळीस,
माझ्या वॉटर बाथमध्येही पंचेचाळीस.
मेणाची फीत पाण्यावर पसरते,
चार मायक्रॉन जाड.
इतकं तलम बाबांनी कधी विणलं नाही.

ब्लॉकवर नाव नसतं, नंबर असतो.
रजिस्टरमध्ये मात्र माझ्याच अक्षरात:
यादोराव नंदनवार, वय अडुसष्ट, टिमकी.

बावीस वर्षं म्हणत होते,
"काही नाही न बाई, गर्मी आहे पोटात."
मे महिन्यात ते खरं वाटायचं.
सब्जा भिजायचा, ताक घुसळलं जायचं,
रक्त दिसलं की इतवारीतून मूळव्याधीची पुडी.
गर्मी जानेवारीतही होती.
तेव्हा कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आधी निळा रंग, मग गुलाबी.
रंगवणं आमच्या घरातलंच काम.
भिंगाखाली आतड्याचं अस्तर,
दर चार-पाच दिवसांनी नव्यानं विणलं जाणारं.
त्यावर बुळबुळीत थर, ताण्यावरच्या खळीसारखा,
आणि खळीपलीकडे जिवाणूंची वस्ती:
जुने भाडेकरू,
ज्वारीचा कोंडा खाऊन
आतड्यालाच सरपण पुरवणारे.

खळ विरली.
कधी, ते स्लाइड सांगत नाही.
वस्ती भिंतीला येऊन टेकली,
आतले पहारेकरी पेटले
आणि विझायचं विसरले.
जिवाणूंवर फेकलेली आग
घरच्याच ताण्यावर पडत राहिली.
जळलं की विणायचं, विणलं की जळायचं.
रात्रपाळीत, घाईत, दिव्याशिवाय
चांगल्या विणकराचीही गाठ चुकते,
हे मला त्यांनीच सांगितलेलं.
त्यात एखादा भाडेकरू असा निघतो
की थेट पेशीतल्या धाग्यालाच दात लावतो.
चुकलेली गाठ पुढच्या वारात जाते,
तिथून त्याच्या पुढच्या.
मग नक्षी संपते, नुसती वीण वाढत राहते.

मॅडम म्हणाल्या, एकच कारण धरून बसू नकोस,
वय असतं, खाणं असतं, रक्तातलं असतं,
काही तर नुसतंच असतं.
मी मान हलवली.
मला पुडीचा कागद दिसत होता.

संध्याकाळी वॉर्डात
कूलरच्या आवाजावरून त्यांनी विचारलं,
"माझा तुकडा तूच कापला काय?"
हो म्हटलं.
"काठ कसा आला?"
साफ आला बाबा, दोन्हीकडचा.
ते हसले, पोटाला हात लावून, जपून.

गाठींचे ब्लॉक
उद्या कापायचे आहेत.