पट्ट्या

रात्री दीडला दोरी थांबते.
दिवसभर रस्त्याच्या फटीतून गुणगुणत असते ती,
आणि गप्प झाली की जॅक्सन स्ट्रीटवरची म्हातारी माणसं
कूस बदलतात. माझी आई तर उठूनच बसते.
काय झालं?
काही नाही. झोप.
मी बूट घालत असतो.

शेडमध्ये गाड्या रांगेत उभ्या.
एकेकीच्या पोटातून पकड वर ओढायची,
दोन माणसांच्या वजनाची, साखळीला टांगून,
डांबराळलेली,
आणि तिच्या जबड्यातल्या पट्ट्या बघायच्या.
मऊ धातूच्या असतात. मुद्दाम मऊ.
दोघांतल्या कुणीतरी झिजायचं असतं
आणि दोरी महाग आहे.

तीन दिवस, फार तर चार. मग टोपलीत.

पट्टीवरून मी माणूस ओळखतो.
डावीकडे जास्त खाल्लेली असली की द्युप्री:
खांदा दुखतो त्याचा, सांगत नाही कुणाला.
निळसर भाजलेली असली की तो पोरगा,
अर्धवट धरून दोरी घसरू देणारा.
ऑगस्टीन पृधोमची पट्टी आरशासारखी झिजते,
एकतीस वर्षं, तिच्यात दाढी करावी.

मार्चपासून एक नवीन.
दोन दिवसांत संपलेली. वर दोरीचा पीळ उमटलेला,
सगळे पेड मोजून घ्यावेत असा,
ओल्या वाळूत दाबल्यासारखा.
हे धरणं नाही, मी म्हणालो, हे भांडण आहे.
कोण आहे ही?

तेउइला. हंटर्स पॉइंटची, सामोअन घरातली.
आधी ओकलंडच्या बंदरात कंटेनर आवळायची.
तिथे सैल राहिलं की खाली कुणीतरी मरतं,
ती म्हणाली. हात पुसत उभी होती
माझ्याच फडक्याला.

मला उत्तर सुचलं नाही.

ऑगस्टीननं तिला काय शिकवलं ते मला ठाऊक आहे,
सगळ्यांना तेच शिकवतो.
दोरी तुझ्यासाठी थांबणार नाही. तिला घाईही नाही.
आधी नुसती तळव्यात येऊ दे, थरथर कळू दे,
मग घे. आणि वर, जिथे कॅलिफोर्नियाची दोरी
आपल्या दोरीवरून आडवी जाते,
तिथे सोडायची. चढाच्या माथ्यावर, भरल्या गाडीनिशी,
लोक फोटो काढत लटकलेले असताना
सोडायची, आणि चौक ओलांडेपर्यंत
हातात काही नाही हे चालवून घ्यायचं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
असलं जनावर. पंचवीस दिवस मिळतात.
बरेचजण दहाव्या दिवशी बसची परीक्षा देतात.

ती चौकात उशिरा सोडायची. दर वेळी. एका श्वासानं.
तेव्हा त्यानं तिला ती गोष्ट सांगितली,
जी मला त्यानं एकदाच, दारू प्यायल्यावर, सांगितली होती:
मेसनचा उतार, धुकं, दोरीची एक तार तुटलेली,
ती पकडीला गुंडाळत गेली.
मी सोडलं, तो म्हणाला. लिव्हर पार पुढे होता.
मी सोडलं होतं. तिनं नाही.
ब्रेकची लाकडं जळाली, वास अजून येतो.
कंडक्टर उडी मारून फोनच्या खांबाकडे पळाली,
आणि पॉवरहाउसनं चाक थांबवलं
तेव्हा त्या दोरीवरची प्रत्येक गाडी
आपापल्या चढावर, माणसांसकट,
जिथल्या तिथे.

यातून काय घ्यायचं ते त्यानं सांगितलं नाही.
मला तर वाटतं चुकीचीच गोष्ट निवडली त्यानं,
घाबरलेल्या माणसाला असलं कुणी सांगतं?

तरी एप्रिलच्या शेवटी तिची पकड वर आली
तेव्हा पट्टी चौथ्या दिवसाची होती.
आरसा नव्हे. एका टोकाला अजून चरे,
कॅलिफोर्नियाच्या अलीकडचा तो श्वास.
पण पेड मोजता येईनात.

अंगठा फिरवला. गरम नव्हती, उगाच वाटलं.
टोपलीत टाकली, तिचा आवाज झाला,
नवी बसवली, चार बोल्ट.

साडेपाचला दोरी सुरू होते.
आई तेव्हा झोपते.