महिरपी कंस

कायानीत जानेवारीच्या रात्री मोजत नाहीत,
नोव्हेंबरात लागलेली तीच एक चालू असते.
पेन्शन कचेरीच्या तळघरात इर्या होल्टा,
तीन पडदे, वेलदोड्याचा शिळा पाव,
आणि साडेपाचशे किलोमीटर दक्षिणेला मेनफ्रेम,
जो कुणाशी थेट बोलत नाही.

त्याचं बोलणं आणतात दोन सर्व्हर.
जुळे, पण राबतो एकच.
दुसरा पगारी पाहुणा. जागा असतो, कशाला हात लावत नाही.

दोन चाळीसला पहिला गेला.
दोनशे छप्पन सेशन्स होती, शून्य झाली,
अकरा सेकंदांनी पुन्हा दोनशे छप्पन.
प्रोसेसर चार टक्के. पिंगला हाकेसरशी ओ.
सगळं हिरवं,
भांडणानंतर घरातले सगळे ‘बरंय’ म्हणतात
तसं हिरवं.
इर्याने नोंद केली:
खांदेपालट सुरळीत. झळ कुणाला नाही.

नियमात नव्हतं, तरी तिने छपाईची रांग उघडली.
पाच वाजता अकरा हजार पत्रं निघणार होती
आणि तिला झोप येत होती, एवढंच कारण.
‘म’पाशी थांबली. या भागात दगड भिरकावला
तर कुणा मॅट्टॅच्याच अंगणात पडतो.
हिल्क्का म{{ट्ट{.
आउने म{{ट्ट{.
विल्यो म{{ट्ट{, मयत, वारस पत्नी.

त्या स्वराच्या डोक्यावर ते दोन टिंबं ठेवतात,
आपण अर्धचंद्र देतो.
रातोरात त्याला खरंच अर्धचंद्र मिळाला होता
आणि त्याच्या जागी येऊन बसला होता महिरपी कंस.
उघडणारा. नुसता उघडणारा.
ध चा मा करायला इथे कुणाचा डाव नव्हता,
हात नव्हता, शाईसुद्धा नव्हती.

ती खाली खाली जात राहिली. कमानीमागे कमानी,
एकीलाही दार नाही.
आणि ‘न’मध्ये एकच, वासाहून कधीकाळी आलेला
स्वीडिश आडनावाचा सुतार, गुस्ताव नीग}र्ड:
अख्ख्या मॅट्टॅ कुळाने उघडून ठेवलेलं
त्या एकट्याने मिटलेलं.
इर्या हसली. मग वाचत राहिली, मग हसली नाही.

कालेर्वोला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
दुसऱ्याच घंटेला उचलला. कुत्र्याचा पाय दुखावलाय, जागाच होता.
तिने कंस सांगितले. तो म्हणाला,
“तक्ता कुठला लावलाय?”
शून्य सदतीस.
“तो अमेरिकेचा. आपला दोनशे अठ्ठ्याहत्तर.”
मग बराच वेळ काही नाही. कुत्रा.
“तो दुसरा मीच मांडला होता,” तो म्हणाला.
“खोक्यातून निघाला तसाच.”

आकडा बदलायला काय लागतं!
पण तो लागू व्हायला सगळी सेशन्स पाडावी लागतात,
म्हणजे जे हिरवं आहे
ते आपल्या हाताने लाल करायचं,
पहाटे चार एकतीसला,
साहेबाच्या उशाशी फोन वाजणार हे ठाऊक असून.

तिने केलं.
चाळीस सेकंद. पाव हातात तसाच.

“सगळं चालू असताना?” साहेबाने विचारलं.
“हो,” ती म्हणाली, “चालू असताना.”

रांग रिकामी केली, पुन्हा भरली.
हिल्क्का मॅट्टॅ. आउने मॅट्टॅ.
गुस्तावचं दारही गेलं, त्याचं तिला उगाच वाईट वाटलं.
पत्रं निघाली. ती उघडणाऱ्यांना
त्यांत काहीच दिसणार नाही,
नाव जिथल्या तिथे असलं की ते कुणाला दिसतं?

पाळी संपण्याआधी इर्याने एक पेन्शनर जन्माला घातली.
सगळी अडचणीची अक्षरं एकाच नावात कोंबली,
जन्मतारीख आजची, रक्कम शून्य.
आता दर पाच मिनिटांनी दोन्ही सर्व्हर
दक्षिणेकडे तिचं नाव विचारतात,
आणि ते जसंच्या तसं परत आलं
तरच हिरवा लागतो.

पत्त्याचा रकाना रिकामा सोडता येईना.
तिथे तिने स्वतःचा घातला.