धावदोरा

एकच सदरा पाच वेळा शिवते मी:
एक कोरा, दोन बिनदुधाच्या चहात बुडवून मळवलेले,
एक बीटाच्या रसाचा, चाबकाच्या मारानंतरचा,
आणि पाचवा बेंदेगूझसाठी,
जो नटाऐवजी खिडकीतून लोंबकळतो.

तुरुंगाची भिंत प्लायवुडची. गज लाकडी, वर लोखंडी रंग.
कानशीचा आवाज नंतर भरतात, बुडापेस्टला.
पहारेकरी घोरतो. शतक कुठलंही असो, घोरतोच,
आणि किल्ल्या कमरेला अशा बेताने
की कैद्याचा हात पोचावा.

हे सगळं आईला सांगून झालंय.
पेचमध्ये, सहाव्या मजल्यावर, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत
रविवारी आठला ती टीव्ही लावते.
राज्याभिषेक आला की सूप गरम करायला उठते,
लढाईत भांडी विसळते,
दरबारातल्या नाचाला सरळ डुलकी.
पण कुठे किल्ली खुळखुळली
की ओले हात पुसत येते, बसतसुद्धा नाही.
"दिवा विझव आधी, गाढवा," म्हणते त्याला,
आणि मग श्वास घेत नाही.

चाळीस वर्षं कारखान्यात हातमोजे शिवले तिने,
न पाहिलेल्या बोटांच्या मापाने.
सुटताना गेटवर झडती. कातड्याची कातरणही
बाहेर जायची नाही.

परवाच्या दृश्यात बाही फाटायला हवी होती, गजात अडकून.
सहा वेळा बेंदेगूझ निसटायला गेला,
सहा वेळा माझ्या शिवणीने त्याला धरून ठेवलं.
"फार पक्कं शिवता तुम्ही," दिग्दर्शक म्हणाला,
घड्याळाकडे बघत.
रात्री खांद्याची टीप उसवली.
डब्याच्या तळाचा कुजका दोरा काढला
आणि घातला नुसता धावदोरा, लांब लांब टाके,
आईने सगळ्यात आधी शिकवलेला
आणि लगेच मोडायला लावलेला:
"हा टिकायचा नसतो गं."

काल ते लागलं. टर्रकन.
बाही गजावर राहिली, तो अंधारात.
"हात सोलले असतील मेल्याचे," आई म्हणाली,
"हातमोजे हवे होते."
मग बराच वेळ जाहिराती चालल्या.
मग म्हणाली, "तो टाका माझा आहे."

पुढच्या रविवारी तो मखमली कोटात, महालात.
कोट मीच शिवलाय. दुहेरी अस्तर, पक्की टीप.
आई सूप गरम करायला उठेल.