साडेसहाचा खेळ

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी
चित्रपट संपला तरी कोणी उठत नाही.
चहाचे पेले तसेच, खुबूसचा तुकडा डाळीत भिजत पडलेला,
आणि पडद्याच्या तळाशी
पुढच्या महिन्याची यादी सरकायला लागते,
सुसाट, उशीर झालेल्या मुंग्यांसारखी.

वाटणी ठरलेली.
तारखा सदानंद पेठकरने टिपायच्या,
नावं फिलोमिना तुस्कानोने,
नर्स आहे, डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून तयार झालेली,
नटनट्या मी.
कागद एक्स्चेंजवाल्याच्या कॅलेंडरचा, पाठकोरा.

गुदैबियातली तिसऱ्या मजल्यावरची ही खोली.
गच्चीवर तबकडी. शमाल सुटला
की नायकाच्या तोंडावरही वाळू पडते.
तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथे साडेसहा.
शुक्रवारची पाळी ज्याच्या नशिबी
त्याने महिनाभर आधी बदली शोधायची,
यादी हवी ती त्यासाठी.

चित्रपटांची नावं आम्ही फारशी घेत नाही.
म्हणतो, तो चष्म्याचा.
तो विहिरीवरच्या दोघी जावांचा.
तो, ज्यात पोस्टमन शेवटपर्यंत बोलत नाही.
पेठकर म्हणतो, बोलतो. एकदा.
चार वर्षं हा वाद चाललाय.
तो लागला की निकाल लागेल,
आणि तो लागत नाही हे बरंच आहे.

लतीफ मुकादम काही टिपत नाही.
अठ्ठावीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये उंच बसलेला माणूस
इथे खुर्ची घेत नाही, दाराशी जमिनीवर बसतो,
दर महिन्याला तेच विचारतो,
"बंदराचा आहे काय रे?"
नसतो.

बंदराचा म्हणजे हर्णैला चित्रण झालेला.
किनाऱ्यावर लिलाव, नायिका कुणाला तरी शोधतेय,
मागून टोपल्या घेऊन माणसं जातात.
उजवीकडून तिसरा, मुकादमचा बाप.
पाठ आपल्याकडे.
मजुरी एक रुपया, वर चहा.
तंबूत पाहिला तेव्हा मुकादम सहा वर्षांचा.
आई म्हणाली, तो बघ,
तोवर बाप पडद्याबाहेर गेलेला.
फोटोला तो कधी बसला नाही.
घरात त्याचं दुसरं काही नाही.

या वेळी यादी सरकली,
पेठकरने टिपलं: एकोणतीस, शुक्रवार.
तुस्कानोने नाव वाचलं. मग परत वाचलं, हळू.
मुकादमचं फायनल एक्झिट सत्तावीसला.

पंखा तेवढा बोलत राहिला.
मग मीच म्हणालो, तिकडेही लागेलच की, नऊला.
मुकादम हसला. "नऊला सुनेची मालिका असते.
टीव्ही एक, आणि मी पाव्हणा."

त्याने त्या तारखेला पेनाने गोल केला
आणि नव्या पोराला क्रेन समजावावी तसं सांगितलं,
"नायिका वळते. मग कुत्रा जातो.
कुत्रा गेला की मोजायला लागा.
तोंड दिसायचं नाही. चालीवरून ओळखा."
चाल कशी होती, विचारलं.
ते काही त्याला सांगता येईना.

सत्तावीसला मुहर्रकच्या विमानतळावर
खोक्यांना दोरी, दोरीवर नाव, नावाखाली तालुका.
मुकादमने पिशवी खांद्यावर घेतली,
डावा खांदा जरा खाली,
पाऊल आधी बाहेर, मग पुढे,
त्या आरशासारख्या फरशीवर
ओल्या वाळूतून चालल्यासारखा गेला.
मागे वळला नाही.
तुस्कानो म्हणाली, "हं."
रांग आत सरेपर्यंत आम्ही उभे होतो.

गाडीत पेठकर म्हणाला,
परवा माझी पाळी आहे, बदली मिळाली नाही तर?
मिळेल, तुस्कानो म्हणाली.
नाही मिळाली तर आजारी पाडते तुला.