रिकाम्या गाडीचं वजन

कापशेंच्या धक्क्याआधी एक वळण, वळणावर काटा,
काट्याला लागून पत्र्याची खोली, खोलीत मी.
हंगामात दिवसाला चारशे गाड्या.
दोन आसांची गाडी भरून सोळा टन दोनशे,
वर एक घमेलंही नाही.
काळ्या पाटीवर तांबडे आकडे,
आणि दुपार होईतो माझ्या वहीची पानंही तांबडी.

परवान्यावर गाडीचा नंबर, खाणीचं नाव, निघाल्याची वेळ,
आणि किती वाजेपर्यंत हा कागद जिवंत, ती वेळ.
रिवणहून इथवर दीड तास.
वाटेत टायर फुटला तर कागद मरायचा
आणि माल चोरीचा ठरायचा.
तोच माल, तीच गाडी,
स्टिअरिंगवर तोच घामेजलेला माणूस.

फोंडू वेळीप फावडं घेऊनच खाली उतरायचा.
"कितें जादा, बाय?"
"ऐंशी."
मागचं फळकं सैल करून तो ऐंशी किलो असे ओढायचा
की दुसऱ्या खेपेला काटा सोळा टन एकशे वीसला थांबे,
ना कमी ना जास्त.
म्हणायचा, पहाटे मालावर दंव पडतं, तेवढंच जादा आहे,
दंवाला वेगळी मर्यादा आहे का, विचार तुझ्या सायबाला.
साहेबाला मी विचारलं नाही.
काट्याच्या बाजूला दंवाचा ढीग वाढत गेला,
गुडघ्याएवढा, कमरेएवढा, मग माझ्या डोक्यावर.
तो खाणीचा नव्हता, धक्क्याचा नव्हता,
कुठल्याच कागदावर नव्हता.

मग खाणी बंद झाल्या.
त्याच पावसाळ्यात परिपत्रक आलं:
दोन आसांच्या गाडीला यापुढे साडेअठरा टन.
मी ते खळ लावून दारावर चिकटवलं.
वाचायला गाडी नव्हती.
ढिगावर मिरची लावून बघितली. आली नाही.
वजनमापवाला मात्र दर वर्षी यायचा,
मोकळ्या काट्याभोवती फेरी मारायचा,
शून्य बरोबर आहे, असं लिहून शिक्का मारायचा.

सहा पावसांनी फोंडूची गाडी आली.
पुढे भंगारवाल्याचा टेंपो, मध्ये दोर,
मागे ती, आणि वळणापुरतं स्टिअरिंग धरून तो.
बॉनेटवर वेल चढलेला, एक आरसा नाही.
"देंवूं?" त्यानं वरूनच विचारलं.
काट्यावर ड्रायव्हरनं खाली यायचं, असा नियम.
भंगारवाला पाठ करून फोनवर बोलत होता.
मी हातानंच सांगितलं, बस.

पाच टन नऊशे चाळीस.

गाडीच्या पुस्तकात रिकामं वजन सहा टन एकशे ऐंशी.
बॅटरी आणि स्टेपनी आधीच विकलेली, शंभर धरू.
जॅक आणि साखळी, चाळीस.
सातेरीची तसबीर घरी नेलेली, ती मी धरत नाही.
तरी शंभर किलो कमी, फोंडूला धरून.
फोंडू साठाचा. म्हणजे एकशे साठ.

कुठे गेले?
त्याच्या परसात, फणसाखाली,
पापुद्र्या-पापुद्र्यानं, रात्री-बेरात्री,
एकशे साठ किलो लोखंड मातीत उतरलं.
नंबर नाही, वेळ नाही, दीड तासाचा कागद नाही.
कुठल्याच नाक्यावर कुणी अडवलं नाही.

यंत्र विचारतं, मालाचा प्रकार:
खनिज, वाळू, चिरे, इतर.
मी इतर दाबलं.
भाव किलोला एकतीस,
त्यात साठ किलो फोंडू मी पावतीवर चढवला
आणि शिक्का जरा जोरात मारला.

पैसे मोजून तो खिडकीशी आला नाही.
ढिगापाशी गेला, चप्पल काढली,
पायाच्या अंगठ्यानं थोडा उकरून बघितला.
तिथूनच ओरडला,
"बाय, हें दंव आजून हांगाच?"