ठिपके

काल रात्री बंद केलं तेव्हा ठीक होतं.
आज काळा पडदा, पांढरी अक्षरं.
दीड मिनिट थांबतंय एका डिस्कसाठी,
मग म्हणतंय, आणीबाणी.

खानापूर, स्टेशन रोड, माझं झेरॉक्सचं दुकान.
बाकड्यावर रवळू गुरव, पेन्शनचा फॉर्म गुंडाळून.
"काय करूलास रे? हुईल न्हवं?"
"हुतंय की," म्हटलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.

पेन ड्राइव्हवरून उठवलं.
डिस्क होती. जागच्या जागी, कोमट.
काल मीच तिचा एक भाग पुसून नवा केला,
तेव्हा त्याला नवा नंबर मिळाला, हातभर लांब,
आणि यादीत राहिला जुना.
तो समोर बसलेला, आणि मशीन हाका मारतंय
गेलेल्या नावानं.

एकेक अक्षर ताडून नंबर बदलला.
रवळू बघत होता. त्याच्या कार्डावर
कन्नडात तो 'रावलू' आहे,
त्यापायी बेळगावचे तीन हेलपाटे.

चालू झालं. पासवर्ड दिला. चूक.
पुन्हा. चूक.
मग आठवलं, काल शिवलीला बसली होती इथं
अर्ज टाइप करत. कन्नड कीबोर्ड तसाच राहिलेला.
इतका वेळ मी माझा शब्द
तिच्या अक्षरांत लिहीत होतो
आणि दिसत होते नुसते ठिपके.
ठिपक्यांना लिपी नसते.

प्रिंटर खाकरला.
"नाव कसं टाकू?"
"कार्डावर हाय तसंच टाक," रवळू म्हणाला,
"पेन्शन त्येचीच हाय."